फिफो की ॲव्हरेज? आधी रेट कधी काढताय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच वस्तूचा एकाच महिन्याचा हिशोब, पण फिफोने (आधी आलेला माल आधी गेला असं धरून) ग्रॉस प्रॉफिट, म्हणजे विक्री वजा विकलेल्या मालाची कॉस्ट, येतोय 4580, एक्सेलमधे वेटेड ॲव्हरेजने (नगांच्या प्रमाणात काढलेला सरासरी रेट) येतोय 4185, आणि सॉफ्टवेअरमधे पण ॲव्हरेजच सेट केलेलं असून तिथं दिसतोय 4500. यातलं बरोबर कुठलं? त्यात साहेब म्हणतायत लिफो (शेवटी आलेला माल आधी गेला असं धरणं) लावा, टॅक्स वाचेल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की वर्षाच्या मधेच पद्धत बदलली तर चालेल का.

तर आधी हे सांगतो की तीनही आकडे बरोबर आहेत, कुठंही बेरीज चुकलेली नाही. पण तुम्ही ज्याला फिफो विरुद्ध ॲव्हरेज असं भांडण समजताय ते मुळात तसं नाहीये. नीट बघा, फिफो आणि सॉफ्टवेअरचं ॲव्हरेज यात फरक फक्त 80 चा आहे, आणि ॲव्हरेज आणि ॲव्हरेज यातच 315 चा फरक आहे! म्हणजे पद्धतीच्या नावापेक्षा रेट कधी काढला आणि कुठल्या एन्ट्र्या धरून काढला यानेच जास्त फरक पडलाय. बहुतेक जण पुस्तकातून फिफो, लिफो, ॲव्हरेज असे तीन कप्पे शिकतात आणि हा भाग शेवटच्या दोन पानात असल्यामुळे तो राहूनच जातो.

तुमचेच आकडे परत मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत जायला नको. चलन कुठलंही धरा, फरक पडत नाही.

1 तारीख, ओपनिंग 100 नग, रेट 20
6 तारीख, खरेदी 100 नग, रेट 24
10 तारीख, विक्री 150 नग
17 तारीख, खरेदी 150 नग, रेट 26
24 तारीख, विक्री 120 नग
30 तारीख, खरेदी 50 नग, रेट 30

विक्रीचा रेट सगळीकडे 40. म्हणजे एकूण माल 400 नग, त्याची कॉस्ट 9800, विकले 270, उरले 130, आणि विक्री 10800. इथपर्यंत कोणाचंच दुमत नाही. सगळा खेळ एवढाच की हे 9800 विकलेल्या 270 आणि उरलेल्या 130 मधे कसे वाटायचे. कुठलीही पद्धत घ्या, दोन्हीची बेरीज 9800 च यायला पाहिजे, आणि नाही आली तर मग पद्धतीचं नाव बाजूला ठेवून आधी एन्ट्र्या तपासा.

फिफो म्हणजे जुना माल आधी गेला असं धरायचं. 270 मधे आधीचे 100 नग 20 ने, मग 100 नग 24 ने, मग 70 नग 26 ने, झाले 6220. उरले 80 नग 26 चे आणि 50 नग 30 चे, म्हणजे 3580. प्रॉफिट 4580. फिफोची एक चांगली गोष्ट म्हणजे तुम्ही हे प्रत्येक विक्रीला काढा नाहीतर महिन्याच्या शेवटी एकदम बसून काढा, उत्तर तेच येतं, कारण सगळ्यात जुना माल कुठला हे 10 तारखेला बघितलं काय आणि 31 ला बघितलं काय, बदलत नाही.

ॲव्हरेजचं तसं नाहीये. तुम्ही एक्सेलमधे काय केलं, तर महिनाभराची सगळी खरेदी अधिक ओपनिंग, 9800 भागिले 400, रेट 24.50, आणि तोच सगळ्या विक्रीला लावला, 270 गुणिले 24.50 म्हणजे 6615. याला पिरियॉडिक म्हणतात. सॉफ्टवेअर असं थांबत नाही. ते प्रत्येक खरेदीला नवीन रेट काढतं. 6 तारखेला 200 नगांचे 4400 झाले, रेट 22, म्हणून 10 तारखेचे 150 नग 22 ने गेले, 3300. उरले 50 नग, 1100 चे. 17 ला 150 नग 3900 चे आले, आता 200 नग 5000 चे, रेट 25. 24 तारखेचे 120 नग 25 ने गेले, 3000. दोन्ही मिळून 6300. 30 ला आलेले 50 नग नुसते शिल्लकीत बसले, क्लोजिंग 3500. हे झालं मूव्हिंग ॲव्हरेज.

आता तुमच्या एक्सेलमधे नक्की काय झालंय ते बघा. 30 तारखेला महाग आलेल्या मालाचा रेट 10 तारखेला विकलेल्या मालात मिसळलाय! जो माल विकला तेव्हा तो माल जन्माला पण आला नव्हता. नियमाला ते चालतं, आयएएस 2 (मालाच्या साठ्याच्या हिशोबाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) मधे स्पष्टच आहे की ॲव्हरेज ठरावीक कालावधीनं काढा किंवा प्रत्येक नवीन माल आल्यावर काढा, धंद्याच्या परिस्थितीनुसार. पण चालतं म्हणजे तुम्हाला हवं ते उत्तर देतं असं नाही. रेट महिनाभर जवळपास स्थिर असेल तर दोन्ही ॲव्हरेज चिकटून येतील, आणि तुमच्यासारखं 20 वरून 30 वर गेलं की असं 315 चं भगदाड पडतं. आणि कालावधी जितका मोठा तितकं ते वाढतं, काही जण अख्ख्या वर्षाचा एकच ॲव्हरेज काढतात, मग डिसेंबरचा रेट जानेवारीच्या विक्रीत.

आता साहेबांच्या लिफोकडे येऊ. नवीन माल आधी गेला असं धरायचं. महिन्याच्या शेवटी काढलं तर 50 नग 30 ने, 150 नग 26 ने, 70 नग 24 ने, 7080. प्रॉफिट 3720, सगळ्यात कमी, म्हणून साहेब खूष. पण हेच लिफो प्रत्येक विक्रीच्या तारखेला लावा. 10 तारखेला हातात होते 24 चे 100 आणि 20 चे 100, गेले 24 चे 100 आणि 20 चे 50, म्हणजे 3400. 24 तारखेला गेले 26 चे 120, म्हणजे 3120. एकूण 6520, प्रॉफिट 4280. थांबा, 4280! तुमच्या एक्सेलमधल्या ॲव्हरेजचा प्रॉफिट 4185 होता. म्हणजे भाव चढत असताना लिफोचा प्रॉफिट सगळ्यात कमी, ॲव्हरेजचा मधे, फिफोचा जास्त, हे जे सगळ्यांना पाठ असतं ते सुद्धा इथं मोडलं, फक्त कधी काढलं यामुळे. पाठांतर खोटं नाहीये, फक्त ते एकाच बेसवर काढलेल्या आकड्यांना लागू होतं. सगळं पिरियॉडिक घ्या किंवा सगळं पर्पेच्युअल (प्रत्येक एन्ट्रीच्या तारखेला काढलेलं) घ्या, मग क्रम बरोबर लागतो. फिफो, ॲव्हरेज, लिफो या क्रमानं पिरियॉडिकमधे 4580, 4185, 3720 आणि पर्पेच्युअलमधे 4580, 4500, 4280. सरमिसळ केली की काहीही दिसेल.

महिन्याच्या शेवटी काढलेल्या लिफोमधे अजून एक खोडी आहे. 30 तारखेची ती 50 नगांची खरेदी काढून टाका, विक्री तशीच ठेवा आणि परत हिशोब करा. विकलेल्यांची कॉस्ट होते 6700, प्रॉफिट 4100. म्हणजे शेवटच्या दिवशी फक्त एक ऑर्डर टाकली, ग्राहक तेच, विक्री तीच, आणि प्रॉफिट 380 ने खाली. कोणाला प्रॉफिट कमी दाखवायचा असेल तर त्याला खोटी एन्ट्री करायची सुद्धा गरज नाही, खरी खरेदी दोन दिवस अलीकडे किंवा पलीकडे सरकवली की झालं. फिफोमधे त्या खरेदीने प्रॉफिटला धक्का पण लागत नाही. ऑडिटर लोक लिफोवाल्या कंपन्यांच्या वर्षअखेरच्या खरेदीकडे एवढं डोळे वटारून का बघतात ते यावरून कळेल.

आणि मुळात लिफो तुम्हाला चालेल का हा पहिला प्रश्न. आयएएस 2 ची 2003 मधे सुधारणा झाली तेव्हा लिफो काढूनच टाकलं, 1 जानेवारी 2005 पासून सुरू होणाऱ्या वर्षांना ते लागू झालं. त्यामुळे आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय हिशोबाचे नियम, आयएएस 2 त्यातलंच) वर चालणाऱ्या कोणालाही लिफो नाही, विषय संपला. ते मुख्यतः टिकलंय अमेरिकेत. तिथं 1930 च्या दशकाच्या शेवटी टॅक्स कायद्याने त्याला परवानगी दिली आणि तेव्हापासून ते टॅक्समुळेच जिवंत आहे असं माझं मत. तिथं पण अट आहे, टॅक्सला लिफो लावलं तर भागधारकांना दाखवायच्या हिशोबात पण लिफोच लावायला लागतं, टॅक्सवाल्यांना कमी प्रॉफिट आणि बँकेला जास्त प्रॉफिट असं जमत नाही. तेव्हा साहेबांना आधी विचारा की आपण कुठल्या स्टँडर्डवर चालतो, निम्मी चर्चा तिथंच मिटेल.

लिफोच्या बाजूनं एक बोलायला हवं, नाहीतर एकतर्फी होईल. भाव पटापट चढत असताना विकलेल्या मालाला आजच्या जवळचा खर्च लागतो, त्यामुळे प्रॉफिट फुगलेला दिसत नाही. तुमच्या फिफोच्या 4580 मधला बराचसा भाग परत तेवढाच माल भरताना जाणार आहे, कारण 20 ला मिळालेला नग आता 30 ला आहे. हा मुद्दा खरा आहे. पण त्याची किंमत बॅलन्स शीटवर मोजावी लागते, तिथं महिन्याच्या शेवटी काढलेल्या लिफोचा क्लोजिंग स्टॉक 2720 दिसतो, ज्यात 100 नग अजून 20 च्या रेटनं बसलेत. वर्षानुवर्षं स्टॉक कमी झालाच नाही तर ते 100 नग तसेच 20 ने बसून राहतात, आणि आजचा भाव 70 झाला तरी पुस्तकात 20. मग एखाद्या वर्षी माल मिळाला नाही, संप झाला, पुरवठादार बुडाला, स्टॉक खाली आला, की तो जुना थर उघडा पडतो आणि 90 ला विकलेल्या नगासमोर 20 ची कॉस्ट लागते. खरा फायदा 20 चा, दिसतो 70 चा, आणि टॅक्स पण त्या 70 वर. याला लिफो लिक्विडेशन म्हणतात. अमेरिकन कंपन्यांच्या रिपोर्टच्या टिपांमधे लिफो रिझर्व्ह नावाचा आकडा असतो, फिफोने किंवा आजच्या कॉस्टने स्टॉक किती झाला असता आणि लिफोने किती आहे यातला फरक. अशा कंपनीची तुलना फिफोवाल्या कंपनीशी करायची असेल तर तो आकडा स्टॉकमधे परत मिळवूनच करा, नाहीतर स्टॉक टर्नओव्हर वगैरे रेशो नुसते दिशाभूल करतील.

टॅक्स वाचतो म्हणजे नक्की काय होतं ते पण बघून घ्या. समजा पुढच्या महिन्यात काहीच खरेदी केली नाही आणि उरलेले 130 नग 40 नेच विकले, विक्री 5200. फिफोवाल्याची कॉस्ट 3580, प्रॉफिट 1620. मूव्हिंगवाल्याचा 1700, एक्सेलवाल्याचा 2015, लिफोवाल्याचा 2480. आता दोन महिने मिळवा. 4580 अधिक 1620, 6200. 4500 अधिक 1700, 6200. 4185 अधिक 2015, 6200. 3720 अधिक 2480, 6200. एकही पैसा कोणी जास्त कमावला नाही की कमी नाही. पद्धत फक्त प्रॉफिट कुठल्या महिन्यात दिसणार हे ठरवते. टॅक्स पुढं ढकलला जातो, आणि स्टॉक वाढता असेल, भाव चढते असतील तर तो खूप लांब ढकलता येतो आणि त्या पैशाचा वापर करता येतो, हे खरंय, पण त्याला वाचला म्हणणं जरा जास्तच आहे.

भाव उतरत असताना सगळं उलटं होतं, फिफोत महाग जुना माल आधी जातो आणि प्रॉफिट कमी दिसतो. त्यावर वेगळा पाढा नको लिहायला, तुमच्याच टेबलमधे रेट उलटे टाकून बघा.

आता मी ज्यावर जास्त वेळ घालवणार आहे तो भाग, कारण प्रत्यक्ष कामात फिफो की ॲव्हरेज यापेक्षा याच्यामुळे आकडे जास्त बिघडतात. सॉफ्टवेअरमधला मूव्हिंग ॲव्हरेज हा एन्ट्रीच्या क्रमावर जगतो. क्रम चुकला की रेट चुकला, आणि चुकलेला रेट पुढच्या प्रत्येक विक्रीला चिकटत जातो. सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे निगेटिव्ह स्टॉक. माल आलाय, गोडाऊनमधून गेला पण, पण खरेदीचं बिल टेबलावर पडलंय आणि विक्रीचं बिल आधी पडलं. एक वेगळी वस्तू घ्या. हातात 10 नग 50 ने, म्हणजे 500. विक्री पडली 15 नगांची. सॉफ्टवेअरकडे शेवटचा रेट 50, त्यानं 15 नग 50 ने काढले, 750. आता स्टॉक उणे 5, किंमत उणे 250. मग खरेदीची एन्ट्री झाली, 20 नग 60 ने, 1200. स्टॉक झाला 15, किंमत झाली 950, आणि रेट 63.33. बघा जरा, आयुष्यात कधी 60 च्या वर घेतलेला नाही तो नग पुस्तकात 63.33 ला बसलाय! बिलं क्रमानं पडली असती तर 30 नगांचे 1700, रेट 56.67, विकलेल्यांची कॉस्ट 850 आणि शिल्लक 850. म्हणजे स्टॉक 100 ने फुगला आणि प्रॉफिट पण 100 ने फुगला. सगळीच सॉफ्टवेअर असं करतात असं नाही, काही नंतर दुरुस्तीची एन्ट्री टाकतात, काही मागे जाऊन सगळं परत मोजतात, काही निगेटिव्ह होऊच देत नाहीत. तुमचं यातलं काय करतं ते सेटिंगमधे शोधा, आणि शक्य असेल तर निगेटिव्ह स्टॉक बंदच करून टाका, बिलिंगवाले दोन दिवस कुरकुर करतील आणि मग गप्प बसतील.

दुसरा प्रकार उशिरा येणाऱ्या भाड्याच्या बिलाचा. मालाची कॉस्ट म्हणजे नुसता बिलावरचा रेट नाही, आणायचं भाडं, आयात शुल्क, उतरवण्याची हमाली हे सगळं त्यात येतं, ट्रेड डिस्काउंट आणि रिबेट वजा होतात, परत मिळणारा टॅक्स धरायचा नसतो. पण भाड्याचं बिल नेहमी मागून येतं. समजा तुमच्या 17 तारखेच्या 150 नगांचं भाडं 300 झालं आणि बिल आलं 28 ला. तेव्हा हातात उरलेत फक्त 80. कोणीतरी ते 300 सरळ स्टॉकवर टाकतो आणि त्या 80 नगांवर प्रत्येकी 3.75 चढतात, जेव्हा खरं भाडं प्रत्येकी 2 होतं आणि बरेच नग विकून पण झालेत. बरोबर करायचं तर 17 तारखेलाच 5300 भागिले 200, रेट 26.50, विकलेल्या 120 ची कॉस्ट 3180 आणि उरलेल्या 80 ची 2120. म्हणजे 300 पैकी 180 विकलेल्या मालाच्या कॉस्टमधे आणि फक्त 120 स्टॉकवर. वर्षअखेर पुरवठादाराकडून रिबेट येतो त्याचं पण हेच, सगळा इतर उत्पन्नात टाकायचा नाही आणि सगळा स्टॉकमधून पण वजा करायचा नाही, वाटून टाकायचा. गोडाऊनचं भाडं, सेल्सवाल्यांचा पगार, नेहमीपेक्षा जास्त झालेली नासधूस, हे मात्र स्टॉकच्या कॉस्टमधे कोंबू नका, ते त्या त्या काळाचा खर्च.

तिसरं, मागच्या तारखेच्या एन्ट्र्या. 6 तारखेच्या बिलात रेट 24 ऐवजी 42 पडला होता, तो 29 ला दुरुस्त केला. सॉफ्टवेअर मागे जाऊन 10 आणि 24 च्या विक्रीची कॉस्ट परत काढतं का, की नुसता आजचा रेट बदलतं? आणि परत काढत असेल, आणि अशी दुरुस्ती महिना उलटल्यावर झाली, तर मागच्या महिन्याचा तुम्ही साहेबांना दिलेला प्रॉफिट आता वेगळा दिसणार. म्हणून महिना संपला की पिरियड लॉक करायचा, म्हणजे त्या महिन्यात कोणाला एन्ट्री बदलता येऊ नये, दुरुस्ती असेल ती चालू महिन्यात वेगळी आणि लेखी. फिफोवाले यातून पूर्ण सुटलेत असं नाही, पण फिफोमधे चूक त्या एका खरेदीपुरती राहते, ॲव्हरेजमधे ती रंगाच्या थेंबासारखी सगळ्या पाण्यात पसरते.

आता गोडाऊन आणि पुस्तक यातला गोंधळ पण काढून टाकू, कारण तुम्ही लिहिलंय की आमच्याकडे माल नेहमी जुना आधी जातो म्हणून फिफोच लावायला पाहिजे ना. नाही, तसं बंधन नाही. माल प्रत्यक्ष कसा हलतो आणि कॉस्ट कशी हलते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत संपणारा माल सगळेच जुना आधी काढतात, किंबहुना ज्याची मुदत आधी संपणार तो आधी, मग तो नंतर आलेला का असेना, पण त्याच मालाची कॉस्ट ॲव्हरेजनं काढली तर काही बिघडत नाही. उलट टाकीतलं डिझेल, ढिगातली वाळू, पेटीतले स्क्रू, इथं कुठला थेंब जुना आणि कुठला नवीन हे देवाला पण सांगता येणार नाही, तिथं ॲव्हरेज जास्त शोभतं एवढंच.

जिथं प्रत्येक वस्तू वेगळी ओळखता येते आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही, सिरीयल नंबरवालं मोठं मशीन, जुनी गाडी, ऑर्डरप्रमाणे बनवलेलं काम, तिथं फिफो-ॲव्हरेजचा प्रश्नच नाही, त्या त्या वस्तूची स्वतःची कॉस्ट लावायची. आणि एकसारख्या हजार नगांना ही पद्धत लावू देऊ नका, कारण मग प्रॉफिट जास्त हवा तर स्वस्तातला नग विकला म्हणायचं आणि कमी हवा तर महागातला. स्टँडर्ड कॉस्ट आणि रिटेल पद्धत पण असतात, पण त्या खऱ्या कॉस्टच्या जवळ जातात तोपर्यंतच चालतात आणि तुमच्या प्रश्नात त्या नाहीत, म्हणून सोडतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही पद्धतीनंतर करायचीच असते आणि ती लोक विसरतात. कॉस्ट काढली की ती विकून हातात येणाऱ्या रकमेशी ताडून बघायची, दोन्हीतली कमी असेल ती धरायची. विक्रीचा अंदाजे भाव, वजा माल पूर्ण करायचा आणि विकायचा खर्च, याला नेट रिअलायझेबल व्हॅल्यू म्हणतात. समजा महिन्याच्या शेवटी बाजार पडला, तुमचा नग आता 30 लाच जाईल आणि त्यात विकायचा खर्च 5, हातात 25. उरलेल्या 130 चे 3250. फिफोचा स्टॉक 3580, तो 330 ने कमी करायला लागेल. मूव्हिंगचा 3500, तो 250 ने. एक्सेलवाला 3185, तो आधीच खाली आहे, काही करायचं नाही. मग फिफोचा प्रॉफिट 4580 वजा 330, 4250. मूव्हिंगचा 4500 वजा 250, तोही 4250. तुम्ही ज्या 80 च्या फरकावरून डोकं धरून बसलात तो गायब! आणि ही तुलना वस्तूगणिक करायची, सगळ्या गोडाऊनचा एक आकडा करून नाही, नाहीतर एका चांगल्या चाललेल्या मालाच्या आड दहा पडलेले लपतात. पुढे भाव परत वर आला तर आयएफआरएस मधे ही घट मूळ कॉस्टपर्यंत परत भरून काढता येते, अमेरिकन नियमात पुढच्या वर्षी तसं करता येत नाही.

बरं, मग तुम्ही काय लावावं. तुमच्याकडे नगांची संख्या मोठी, खरेदी वारंवार, रेट हलता, आणि सॉफ्टवेअर आहे. मी असतो तर मूव्हिंग ॲव्हरेज ठेवला असता, निगेटिव्ह स्टॉक बंद आणि महिना लॉक या दोन अटींवर. त्या दोन अटी तुमच्या ऑफिसात पाळल्या जाणार नसतील, खरं खरं सांगा स्वतःला, तर फिफो घ्या, बॅच लावायला जरा कटकट होते पण चूक पसरत नाही आणि क्लोजिंग स्टॉक आजच्या भावाच्या जवळ राहतो, बँकेला दाखवायला पण बरा पडतो. एक्सेलमधला महिन्याचा ॲव्हरेज फक्त ताळा करायला वापरा. आणि ग्राहकाला कोटेशन देताना यातला एकही रेट घेऊ नका, तिथं परत घ्यायला आज किती पडेल तो रेट, तुमच्या केसमधे 30, ना मूव्हिंगचा 26.92 ना एक्सेलचा 24.50. किती तरी लोक पुस्तकातल्या ॲव्हरेजवर मार्जिन लावून विकतात आणि मग माल भरायला पैसे का पुरत नाहीत म्हणून शोधत बसतात.

राहिलं मधेच बदलायचं. इच्छा झाली म्हणून बदलता येत नाही. एकाच स्वरूपाच्या आणि वापराच्या मालाला एकच पद्धत, एका गावातल्या गोडाऊनला फिफो आणि दुसऱ्या गावातल्याला ॲव्हरेज, फक्त जागा वेगळी म्हणून, हे चालत नाही. स्वरूप खरंच वेगळं असेल तर चालतं. बदल हा अकाउंटिंग पॉलिसीचा बदल धरला जातो, त्यामुळे नवीन पद्धतीनं जास्त विश्वासार्ह आणि उपयोगी माहिती मिळते हे दाखवायला लागतं आणि मागच्या वर्षाचे आकडे पण नवीन पद्धतीनं परत मांडायला लागतात. प्रॉफिट कमी दिसेल हे कारण लिहून दिलंत तर ऑडिटर हसेल फक्त. पण तुमच्या बाबतीत आधी हे शोधा की गेल्या वर्षीच्या ताळेबंदाच्या टिपेत नक्की काय लिहिलंय. नुसतं वेटेड ॲव्हरेज लिहिलं असेल तर ते महिन्याचं की मूव्हिंग, आणि गेल्या वर्षीचा क्लोजिंग स्टॉक प्रत्यक्षात एक्सेलमधून आला होता की सॉफ्टवेअरमधून. एक्सेलमधून आला असेल आणि यंदा तुम्ही सॉफ्टवेअरचा आकडा उचलणार असाल, तर नाव न बदलता सुद्धा तुम्ही पद्धत बदलताय, आणि ते ऑडिटरला वर्ष संपायच्या आधी सांगा.